कापड कोण अंथरणार

वेराच्या छातीवर आईची चांदी होती, आणि ती ताईच्या नजरेला पडेपर्यंत प्रार्थनेतला एक शब्दही तिच्या कानात शिरणार नव्हता.

चांदी म्हणजे सार वाढायच्या खोल थाळीएवढं पदक, मध्ये फुगलेलं, खाली साखळ्या आणि साखळ्यांना झारच्या वेळची नाणी. वाकलं की वाजतं. सेतो जमातीच्या बाईला चर्चमध्ये गुपचूप येता येत नाही, असं पुरुष म्हणतात. बायका म्हणतात, गुपचूप यायचं कशाला?

गुडघे टेकून उठताना तिला मागे दुसरी चांदी वाजलेली ऐकू आली. हलकी, तुटक. ओक्सेताईच्या सासरच्या पदकाच्या निम्म्या साखळ्या युद्धात पिठापायी गेल्या, तेव्हापासून ते असंच वाजतं. म्हणजे सरहद्दीच्या चौकीवरून सुटली एकदाची. वेराने मागे वळून पाहिलं नाही. पाठीलाच कळत होतं की ताई कुठे उभी आहे आणि काय बघते आहे. पाठीमागून पदक दिसत नाही, पण साखळी मानेवरून जाते, आणि आईची, हिलानाची साखळी सगळ्या गावात, पोलोतिनात, ओळखू यायची.

रीत साधी आहे: आईची चांदी थोरल्या लेकीला.

हिलाना फेब्रुवारीत गेली. जायच्या आधी तिने पदक उशीखालून काढून वेराच्या हातात दिलं तेव्हा खोलीत तिसरं कुणी नव्हतं. ओक्सेताई पलीकडे, पेत्सेरीजवळच्या तिच्या गावी. पूर्वी रानातल्या पायवाटेने दुपारच्या दुपारी जाऊन यायचं अंतर. आता मध्ये दोन देशांमधलं कुंपण, शिक्के, बंदूकवाली पोरं. तिला आईच्या मातीलासुद्धा पोचता आलं नाही. त्यामुळे चांदीबद्दल वेरा सांगते तेवढंच खरं, आणि वेरा सांगते ते खरं मानायला ताईवर काही सक्ती नव्हती.

पाद्रीबाबांनी नव्या सफरचंदांवर पाणी शिंपडलं. सण प्रभूच्या रूपांतराचा. आजपासून सफरचंद खायला मोकळीक.

बाहेर पडल्यावर वेराने शेवटी मान वळवली, तोवर फेदोरदादाने डाव साधला होता. चर्चच्या भिंतीशी, लिंडनच्या झाडाखाली, त्याने ओक्सेताईला गाठलं होतं. तो बोलत होता. ताई मान डोलवत होती.

*

ते काय बोलत होते हे वेराला ऐकू आलं नाही, पण ऐकायची गरजही नव्हती. गेल्या आठवड्यात फोनवर त्याचं वेराशी जे बोलणं झालं तेच.

— सोमवारी घर घेणारा, तालिनचा माणूस येतोय, वेरा. घर बघायला नाही, सही करायला. बघून झालंय त्याचं.

— कधी बघितलं?

— जुलैत. तू व्होरूला दवाखान्यात होतीस ना, तेव्हा.

— दादा, माझ्या घरात परका माणूस फिरवलास?

— आपल्या घरात. तिघांच्या नावावर आहे, तिघांच्या सह्या लागतात. ताई तयार आहे.

— ताई असं म्हणाली?

— ताईच्या छपरातून पाणी गळतंय. ती कशाला नाही म्हणेल?

— आणि मी कुठे जाऊ?

— आमच्याकडे ये की. स्वयंपाकघरात घडीचा पलंग आहे, मार्यू काही म्हणायची नाही.

— मार्यूवहिनी काही म्हणत नाही, तेच तर.

— बघ, तू आता चोपन्न वर्षांची. विहिरीतनं पाणी काढतेस, लाकडं फोडतेस. आई होती तोवर ठीक होतं.

— सणाच्या दिवशी, किरमासला लोक कुठे येतील?

— कुठले लोक? म्हातारे चालले एकेक करून. वेरा, एका दिवसासाठी कुणी घर ठेवतं का गं?

तिने फोन ठेवून दिला होता.

*

फेदोरची मुलगी त्रीन तार्तूला विद्यापीठात होती. तिच्या सरांनी तिला एक जुना शब्द नेमून दिला होता, किरमास, आणि तो लोक कोणकोणत्या अर्थाने वापरतात ते टेप करून आणायला सांगितलं होतं. चर्चच्या अंगणात ती दिसेल त्याच्या तोंडापुढे यंत्र धरत सुटली. वेरा तिच्या शेजारीच होती, दोन टोपल्या सांभाळत. तिला सगळं ऐकू येत होतं.

पाद्रीबाबा: "शब्द जर्मनांचा. चर्च आणि मिस्सा हे दोन शब्द एकमेकांत घुसले. मग व्यापाऱ्यांबरोबर हिंडत हिंडत आपल्याकडे आला. धर्मग्रंथात नाही हो तो. पण मी घंटा वाजवतो तेव्हा एवढी माणसं येत नाहीत, किरमास म्हटलं की येतात. मग मी कशाला तक्रार करू?"

ओलेक, शेजारच्या घरचा म्हातारा: "मारामारी! आमच्या वेळी ज्या किरमासात कुणाचं डोकं फुटलं नाही ते किरमासच नव्हे. हे बघ, इथे. हात लाव, लाव."

फेदोर, घाईत: "बाजार गं. आजोबा घोडा विकायला आणायचे. चल, गाडीत बस."

ओदेआत्या, म्हणजे वारलेल्या वडिलांची बहीण, दात नाहीत पण आवाज खणखणीत: "आधी चर्च. मग थडगं. मग घर. मग संध्याकाळी माळावर गाणं. चारही झाली की किरमास. एक गळलं की नुसतं जेवण. जेवण काय, रोजच असतं."

"आणि तू गं, वेराआत्या?"

"मला नको विचारू. माझे बटाटे चुलीवर आहेत."

पण मनात आईचा आवाज आला. घरात पोरांनी धुडगूस घातला की हिलाना लाटणं आपटून ओरडायची, काय किरमास मांडलंय रे! आणि ऑगस्टमध्ये पंचवीस माणसं अंगणात शिरली की ओरडायची नाही.

तेवढ्यात ओक्सेताई आली. लहानखुरी, काटक, डोक्याला विणलेली पट्टी. तिने वेराच्या दोन्ही गालांना ओठ लावले, आणि लावताना तिची नजर खाली पदकावर गेली, तिथेच राहिली.

"छान घासलंयस," ती म्हणाली.

"राखेने."

"आई खडूने घासायची."

त्रीनने यंत्र पुढे केलं. "थोरल्या आत्या, किरमास म्हणजे काय?"

ओक्सेताईने त्या यंत्राकडे असं पाहिलं जसं चौकीवरच्या पोराकडे पाहत असेल.

"वर्षातून ज्या दिवशी मला इकडे सोडतात तो दिवस," ती म्हणाली. "घातलंस का त्यात? आता बंद कर."

*

स्मशानभूमी पाइनच्या झाडांत आहे. सगळीकडे कापडं पडली होती. मातीच्या प्रत्येक उंचवट्यावर एक, काठाला लाल विणकाम, वर उकडलेली अंडी, माशाची भाजलेली मोठी पोळी, शहाजिरं घातलेलं चीज, मधातले गहू. लोक कोपरावर रेलून बसले होते, आपापल्या माणसाच्या शेजारी. या थडग्यावरून त्या थडग्यावर हाका चालल्या होत्या.

"आमच्या मिक्कुलकडे या, मासा आहे!"

"येतो, येतो, आधी सासऱ्याकडे तोंड दाखवून येतो!"

"बाटली घेऊन ये, तो तसाही तहानेलाच गेला!"

हिलानाच्या थडग्यापाशी मात्र कुणी बसलं नव्हतं. आल्या आल्या सगळे उभेच राहिले. पलीकडच्या चुलतभावाचं कुटुंब, ओदेआत्या, वार्स्काहून आलेले भाचे, हातांत टोपल्या आणि भांडी धरून उभे.

थडग्याभोवती कापलेल्या करड्या दगडाची चौकट होती, गुडघ्याला लागेल एवढी. आत पांढरी खडी, आणि खडीत नेटक्या ओळींनी लाल बेगोनिया. एकही तण नाही. बाजूला दोन माणसं टेकतील असा रंगवलेला बाक. फेदोरच्या सासरकडे, लुथरच्या पंथातल्या लोकांत, थडगी अशीच असतात. तिथे फूल ठेवतात, क्षणभर मान खाली घालतात आणि घरी जाऊन कॉफी पितात.

वेराला हे नवं नव्हतं. दवाखान्यातून आल्यावर ती गवत उपटायला म्हणून आली होती आणि इथेच, या पाइनला टेकून, बराच वेळ उभी राहिली होती. घरी फोन होता. दादाचा तार्तूचा नंबर पाठ होता. तिने मूग गिळले.

"कुठे?" ओक्सेताईने विचारलं.

"काय कुठे?" फेदोर म्हणाला.

"कापड."

फेदोरने चौकटीकडे पाहिलं. आधी त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग मानेपासून लाली वर चढू लागली.

"बाक केलाय ना, ताई," तो म्हणाला. "मुद्दाम बसवून घेतला."

"आई बाकावर आहे का?"

मार्यू पुढे झाली. उंच, गोरी, नीटस बाई. कुणाचं वाईट चिंतणारी नव्हे. "दोन रविवार घातले हो आम्ही यात. दगड यांनी स्वतः उचलले. कंबर धरली होती यांची. म्हटलं, वर्षभर कुणी बघत नाही असं थडगं नको आईंचं."

"रोपं सुंदर आहेत, मार्यू," ओक्सेताई म्हणाली, आणि ते ती मनापासूनच म्हणत होती. "पण आज आईला काय वाढू? खडी?"

शेजारच्या थडग्यावरून ओलेकने मान वर काढली. "फेदोर, आईला बाग दिलीस, आता खुरपंही दे तिला! म्हातारीला रिकामं बसवत नसे!"

दोनचार जण हसले. फेदोर हसला नाही.

"मला वाटलं," तो म्हणाला, "हल्ली सगळे घरीच जेवतात."

"तू घरीच जेवतोस," ओक्सेताई म्हणाली.

आणि ते खरं होतं. पंधराव्या वर्षी तो तार्तूच्या कारखान्याच्या शाळेत गेला; पुढे सोव्हिएत काळात सण कामाच्या वारी यायचा; तो दुपारच्या गाडीने यायचा आणि थेट घरी, वाढलेल्या पानावर. चर्च त्याच्या मागे, थडगं त्याच्या मागे उरकलेलं असायचं. त्याच्या किरमासात अंगण होतं, लांब टेबल होतं, आईने दारातून मारलेली हाक होती. थडग्यावर कोपर टेकून तो शेवटचा जेवला तेव्हा विजार गुडघ्यापर्यंतची असेल.

वेरा हे सगळं जाणत होती. तिने टोपलीच्या कडीवरचा हात घट्ट केला.

फेदोरने कोट काढून बाकावर घातला. मग तो गुडघ्यांवर बसला, चौकटीच्या आत हात घातला आणि पहिलं रोप मुळासकट वर काढलं. माती झटकली. दुसरं काढलं. मार्यू गाडीकडे गेली आणि पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आली. तो देत होता, ती रचत होती. कुणी मदतीला वाकलं नाही. लेकाने आईच्या अंगावरचं काही काढावं आणि परक्यांनी हात घालावा, हे बरं दिसलं नसतं.

रोपं संपल्यावर त्याने दोन्ही बाहूंनी खडी कडेला लोटली. खाली काळी, ओलसर माती दिसली.

"आता?" तो मान वर न करता म्हणाला.

*

आता कापड.

कापड कोण अंथरणार, हे पोलोतिनात कुणी विचारत नाही, कारण विचारायची वेळ येत नाही. गेलेल्या माणसाचं घर जो चालवतो त्याने अंथरायचं. आणि थडग्यावर जेवून उठलेली माणसं त्याच्याच दारात जातात. वडिलांच्या थडग्यावर हिलानाने अंथरलं, वर्षानुवर्षं. हात थरथरायला लागल्यावर एक टोक ती धरायची, दुसरं वेरा.

वेराच्या टोपलीत ते कापड होतं, सगळ्यांत वर, इस्त्री केलेलं. तिने त्यावर बोटं ठेवली.

ओक्सेताईने तिच्या आधी आपलं कापड काढलं होतं.

पलीकडचं, सासरचं, काठाला तांबड्यात काळी नक्षी. तिने ते एकदा हवेत झटकलं. सगळ्यांना दिसलं. ओदेआत्याने बोळक्या तोंडातल्या तोंडात ओठ आत ओढले. ताईने कुणाकडे पाहिलं नाही. वाकली, आणि डोक्याकडून पायांकडे, मातीवर कापड पसरलं.

थोरलीचा मान. कुणी काही म्हणू शकत नव्हतं.

फेदोरची मान सैल झाली. त्याने उठता उठता कापडाचा एक कोपरा धरला आणि सरळ केला. अगदी मदत केल्यासारखा. वेराने ते पाहिलं आणि तिला वाटलं, संपलं. आता इथून माणसं कुठे जातील ते ताई सांगणार. ताईचं घर कुंपणापलीकडे. म्हणजे कुठेच नाही. म्हणजे आपापल्या बसला. म्हणजे सोमवार.

तिने अंडी काढून मांडली, काय करणार? चीज कापलं. आईच्या वाटचं, पहिला तुकडा, क्रूसाच्या बाजूला ठेवला. पाद्रीबाबा धूप घेऊन आले, हिलानाचं नाव घेऊन गायले, एक अंडं उभ्याउभ्या खाल्लं, पुढच्या थडग्याकडे गेले. सगळे बसले. कापडाखालून राहिलेली खडी टोचत होती. भाच्यांची मुलं ती बोटांनी चाचपून मोजत होती. थडग्यावर भांडायचं नसतं, म्हणून बोलणं मध, लांडगे आणि बसच्या वेळा यांपलीकडे गेलं नाही. फेदोर आईच्या पायांशी बसला होता, मातीच्या हातांनी माशाची पोळी खात होता. खाताना एकदा त्याने कापडाच्या काठाखाली हात घातला आणि तळवा मातीवर तसाच ठेवला. वेराने नजर वळवली.

शेवटी ओदेआत्या काठीवर जोर देऊन उठली. तिला आडपडदा माहीत नव्हता.

"जेवलो," ती म्हणाली. "भेटलो हिलानाला. आता पाय कुठे वळवायचे? ओक्से, कापड तुझं. तूच सांग."

"वेराच्या घरी," ओक्सेताई म्हणाली.

ती गुडघ्यांवर बसून अंड्यांची टरफलं गोळा करत होती. मान वर करण्याइतकंही महत्त्व तिने त्या बोलण्याला दिलं नाही.

"आईच्या घरी म्हणायचंय तुला," फेदोर म्हणाला.

"आई ही इथे आहे. तिच्या छातीवर बसून जेवलास आत्ता. वेराच्या घरी म्हटलं मी. आज, आणि पुढल्या वर्षी, आणि मी यायची थांबले तरी. ऐकलंत ना सगळ्यांनी?"

"ऐकलं!" ओलेक शेजारून ओरडला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"ताई, सोमवारी तो माणूस—"

"सोमवारी मी पलीकडे असेन."

"तू हो म्हणाली होतीस. आत्ता, झाडाखाली, मान डोलवलीस!"

"ऐकत होते, म्हणून मान डोलवत होते. सही माझ्या हातात आहे, फेदोर, आणि हात माझ्याबरोबर येतो."

"आणि तुझं छप्पर?"

"गळेल."

फेदोरने तोंड उघडलं. मग त्याला आठवलं असावं की आपण कुठे आहोत. त्याने पुठ्ठ्याचं खोकं उचललं आणि गाडीकडे चालू लागला. मार्यू त्याचा कोट घेऊन मागे गेली.

*

रस्त्याने दोघी बहिणी पुढे, बाकीचे मागे रेंगाळत. दोघींची चांदी वेगवेगळ्या चालीत वाजत होती.

"तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस," ओक्सेताई म्हणाली.

"नाही समजत."

"मला इकडे पाय टेकायला एक उंबरठा हवा. तो तालिनचा माणूस मला दारातून आत घेईल का? घेईल. मोठ्या अगत्याने घेईल. आणि मला बसायला खुर्ची देईल माझ्याच आईच्या घरात."

"तू खरंच झाडाखाली हो म्हणायला आली होतीस ना?"

"हो. गेले दोन महिने हो म्हणूनच झोपत होते. दोन खोल्यांत बादल्या ठेवल्यात गं." तिने डोक्याची पट्टी सरळ केली. "पण ते थडगं पाहिलं. त्याच्या हातात काही गेलं की असं होतं. सुंदर होतं, आणि बसायला जागा राहत नाही. आणि त्याचा दोष म्हणशील तर तोही नाही."

वेराने टोपली दुसऱ्या हातात घेतली.

"तुला माहीत होतं," ओक्सेताई म्हणाली. "थडग्याचं."

"होतं."

"फोन करता आला असता त्याला."

"आला असता."

"चार लोकांत गुडघ्यांवर आणलंस भावाला."

"हो."

ओक्सेताईने तिच्याकडे आडव्या नजरेने पाहिलं. शाबासकी नव्हती त्यात, रागही नव्हता. बाजारात गाय बघतात तशी नजर. "आईवर गेलीस," ती म्हणाली.

तेव्हा वेरा थांबली. मानेमागे हात घालून तिने साखळी सोडवली, पदकाची सुई शालीतून उपसली. "घे. तुझंच आहे. आईने मला का दिलं मला नाही माहीत. शपथ घेऊन सांगते, मी मागितलं नव्हतं."

"का दिलं? मी माती टाकायला येणार नाही हे तिला दिसत होतं म्हणून दिलं. वेड पांघरू नकोस." ओक्सेताईने पदक हातात घेतलं, जोखलं. "पलीकडे कसं नेऊ? माझं येताना नोंदवलंय; हे चौकीवर काढून घेतील, वर कागद करतील. तुझ्याकडेच राहू दे."

"मग?"

"मग संध्याकाळपर्यंत मी घालते. वाक. माझं तू घाल."

रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून दोघींनी एकमेकींची चांदी अडकवली. मागची मंडळी अदबीने थांबली होती. फक्त त्रीन यंत्र सावरत पुढे येऊ लागली, तेव्हा ओदेआत्याने काठी आडवी घातली.

*

घरात खुर्च्या पुरल्या नाहीत, चमचे पुरले नाहीत, बटाटे थोडे करपले होते. वार्स्काचे भाचे पायरीवर बसले, मुलं लाकडांच्या ढिगावर. पंचवीस-तीस माणसं. ओक्सेताई टेबलाच्या मध्यावर, आईची चांदी घालून, बघ ना कशी ताठ!

फेदोर आत येईना. फाटकाबाहेर गाडीत बसला होता, दार उघडं, एक पाय जमिनीवर. मार्यू एकटी आत आली, तिने एप्रन शोधल्यासारखं आधी इकडे तिकडे पाहिलं, मग बाह्या सारल्या आणि काकड्या चिरायला घेतल्या. वेराने तिच्यापुढे मधाची वाटी सरकवली.

"बसून राहिलेत," मार्यू हळूच म्हणाली. "तार्तूला चला म्हणतात. आणि गाडीही चालू करत नाहीत."

वेराने कपाटातून घरची दारू काढली आणि पेला. पेला एकच. सेतो घरात दारू एकाच पेल्याने फिरते: घरधन्याने भरायचा, पाहुण्याने त्याच्या हातून घ्यायचा, रिकामा करून परत द्यायचा, मग पुढचा. पुढच्याची पाळी आधीच्याचा पेला परत आल्याशिवाय येत नाही. वडील गेल्यावर हिलानाने स्वतः भरला होता. आज सगळ्यांनी बाटली वेराच्या हातात पाहिली आणि बोलणं थोडं खाली आलं.

तिने टेबलापाशी सुरुवात केली नाही. पेला काठोकाठ भरला, अंगण ओलांडलं, फाटकाबाहेर गेली. गळ्यातलं ताईचं हलकं पदक प्रत्येक पावलाला तुटक वाजत होतं. तीस माणसं खिडकीतून, दारातून, लाकडांच्या ढिगावरून बघत होती.

"दादा," ती म्हणाली आणि पेला पुढे धरला.

फेदोरने पेल्याकडे पाहिलं. घेणं म्हणजे काय हे त्याला शिकवायला नको होतं. तिच्या हातून घेतला की ती घरधनी आणि तो पाहुणा.

"रस्ता लांब आहे," तो म्हणाला. "गाडी चालवायचीय मला."

"मार्यूवहिनी चालवेल. नाहीतर राहा रात्री. माळ्यावर गवत आहे."

"थडग्याचं तू आधी सांगू शकली असतीस."

"हो."

"का नाही सांगितलंस?"

"घर जात होतं माझं."

फेदोरने आपल्या हातांकडे पाहिलं. नखांत अजून माती होती. वेराचा हात भरून आला, पण तिने पेला खाली घेतला नाही. थेंब मनगटावरून कोपराकडे चालले होते.

"अरे फेदोर!" ओलेक कुंपणावरून ओरडला. तो कधी आला कुणास ठाऊक. "घ्यायचा तर घे, नाहीतर पुढे दे! आमच्या घशाला कोरड पडली!"

"तीस माणसं अडलीत तुझ्यापायी!" ही ओदेआत्या.

फेदोर गाडीतून उतरला. त्याने पेला तिच्या हातून घेतला, मान मागे टाकली आणि एका दमात रिकामा केला. डोळ्यांत पाणी आलं. त्याने खोकला दाबला, पेला तिच्या हातात परत ठेवला.

"कडक आहे," तो म्हणाला. "आईची एवढी नसायची."

"आई पाणी घालायची," वेरा म्हणाली. "मी नाही घालत."

आणि तिने पुढच्यासाठी पेला भरला.